पहिली घंटा

उंचीनं घात केला.
अकरावीत आम्ही उरलो नऊ, त्यात मुलगे चार,
आणि हेडमास्तरांचं बोट थांबलं ते माझ्यावर :
'तालगात, तू. पोरगी तू उचलायचीस.'

परवापर्यंत मी वरच्या कुरणावर होतो.
तीन महिने मेंढरं, घोडीचं आंबवलेलं दूध,
शेणाच्या जाळावरचा चहा.
आईनं दोनदा साबण लावला,
तरी केसांतून धूर जात नाही.
सदरा मात्र नवा, पांढराफेक,
वडिलांनी मॉस्कोहून कुणाच्या तरी हाती धाडलेला.
फोनवर म्हणाले, माप अंदाजानंच घेतलंय,
मी निघालो तेव्हा तू माझ्या खांद्याला लागत होतास.

बाह्या चार बोटं तोकड्या आहेत.

पटांगणात खडूनं आखलेल्या ओळी.
पॉपलरची पानं कडेकडेनं पिवळी पडू लागलेली,
आणि आमची ओळ सगळ्यांत आखूड.
गुल्साराबाई सवयीनं जुन्याच वहीतून हजेरी घेतात :
झामिरा...
(ती जूनमध्ये लग्न होऊन पलीकडच्या खोऱ्यात गेली)
एल्दियार...
(तो रशियात फरशा बसवतो)
बाई दोन्हीदा थांबतात,
डोंगराकडे बघतात,
जणू तिथून कुणी 'हजर' म्हणणार आहे.

मग ती आली. बेगायिम, पहिली 'अ'.
डोक्याहून मोठ्या दोन पांढऱ्या फिती,
हातात पितळी घंटा, घंटेला लाल रिबन.
उचलली. कोकराएवढंच वजन.
पण कोकरू निदान पाय झाडतं,
ही नुसती दगड होऊन बसली.

रिवाज असा :
शेवटच्या वर्गातला मुलगा पहिल्या वर्गातल्या मुलीला
खांद्यावर घेऊन पटांगणाला फेरी घालतो,
ती घंटा वाजवते,
आणि वर्ष सुरू होतं.
मी निघालो. सगळ्या आयांनी फोन वर केले.
घंटा गप्प.
'वाजव,' मी म्हटलं.
घंटा गप्प.
'वाजव ना ग!'
आणि उजव्या खांद्यावर काहीतरी ऊनऊन उतरलं,
कॉलरमध्ये शिरलं, पाठीच्या पन्हळीतून
थेट कमरेपर्यंत.

पाय एकदा अडखळला, एवढंच.
कोकरांनी हे शंभरदा केलंय माझ्या अंगावर,
पण तेव्हा समोर तीनशे माणसं नव्हती,
आणि सदरा मॉस्कोचा नव्हता.
कानाशी अगदी बारीक आवाज आला :
'दादा, तू सांगशील?'
'काय सांगायचंय?' मी म्हटलं. 'वाजव तू.'

मग तिनं वाजवली.
अशी वाजवली की रस्त्यावरची कुत्री भुंकायला लागली,
म्हाताऱ्या सैपजाननं फाटकाशी गाढव आवरलं.
फेरी संपली तरी थांबेना,
हेडमास्तरांनी भाषण दोनदा सुरू केलं.

तिला उतरवताना मी पाठ भिंतीकडे ठेवली.
उलानकडून कोट मागितला.
'थंडी वाजते?' तो म्हणाला.
ऊन तर चांगलं तापलं होतं.
'हो,' म्हटलं, 'कुरणावरून आलोय ना, सवय मोडली.'
कारण धड जुळत नव्हतं,
पण तो पुढं काही बोलला नाही.

तिसऱ्या मजल्यावर आमचा वर्ग.
खिडकीतून नदी दिसते, गढूळ, घाईत असलेली.
गुल्साराबाईंनी फळ्यावर तारीख घातली,
आणि प्रत्येकाला उभं करून विचारलं,
शाळेनंतर काय?
बिश्केक, म्हणाली एक. नर्सिंग.
सीमेवरची नोकरी, म्हणाला उलान.
माझं उत्तर उन्हाळाभर पाठ होतं,
घोड्यावर बसून म्हणून पाहिलं होतं : मॉस्को, वडिलांकडे.
उभा राहिलो.
ओला सदरा पाठीला चिकटला, गार.
'माहीत नाही,' म्हणालो.
बाईंनी वहीत नावापुढं एक छोटी रेघ ओढली
आणि म्हणाल्या, बस.

खाली पहिलीच्या वर्गात कुणीतरी रडतंय,
कुणीतरी रडणाऱ्याला दटावतंय.
आणि मधूनच, धड्याच्या ऐन मध्यावर,
टण्ण.

घंटा तिनं अजून परत दिलेली नाही.